अंड्यांच्या ट्रेने आवाज घुमायचा थांबतो का?

घरच्या घरी पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, आवाज घुमायचा थांबेल. थांबत नाही. ट्रे दिसतो स्टुडिओतल्या फोमसारखा; साम्य तिथेच संपतं.

आवाज शोषायला जाड, सच्छिद्र वस्तू लागते. हवेची कंपनं तिच्या तंतूंमध्ये घासून विरतात, त्यांची किंचित उष्णता होते. ट्रेचा पुठ्ठा अगदी पातळ. तो फक्त वरच्या पट्टीतल्या कंपनांची धार थोडी कमी करतो, 'स'चा चरचराट बोथट होतो आणि फरक पडल्यासारखं वाटतं. पण पुरुषी आवाजाचा पाया १००-१५० हर्ट्‌झच्या आसपास असतो. तिथे ध्वनिलहर दोन-तीन मीटर लांब. तिच्या लेखी ट्रे नसल्यातच जमा. शेजारचा मिक्सरही पूर्वीसारखाच ऐकू येतो. शिवाय कागदाचा लगदा चटकन पेटतो, हे कोणी सांगत नाही.

१८९५ च्या सुमारास हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून मोजमापं घेतली. गाद्या वाढल्या तसा घुमार घटला. आजही गादी, रजई, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट हेच कामाला येतं; जाड गोधडी भिंतीला न चिकटवता थोडी पुढे टांगली तर आणखी बरं.

त्याआधी माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणा, फुकटचं काम आहे. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमार जवळपास तेवढाच राहतो. सॉफ्टवेअरने नंतर घुमार कमी करता येतो, पण फार ताणलं तर शब्दांची टोकं खाल्ली जातात.