ससाण्याचा पाय हिरवा पडला म्हणजे सडला असं नाही

परवा अबूधाबीहून मावसभावाचा फोटो आला, तिकडे तो पाळीव शिकारी ससाणे सांभाळतो (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळता येत नाहीत), एकाच्या पिवळ्या पायावर नखाएवढा हिरवट डाग. खाली मेसेज, "दादा, सगळे म्हणतायत पाय सडला, गेला हा." इकडे दादरलाही संक्रांतीत मांज्यात अडकलेली घार सोडवली की कुणीतरी म्हणतंच, हिरवं झालंय, विष भिनलं.

अहो नाही! आपल्याला मुका मार लागला की काळंनिळं होतं मग पिवळं, कारण साकळलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं आधी बिलिव्हर्डिन होतं, ते हिरवं, आणि त्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन. पक्ष्यांमध्ये ही शेवटची पायरी जवळपास होतच नाही म्हणून मार हिरवाच दिसतो. ससाणा बैठकीवरून झेप घेतो, पायातल्या चामडी पट्टीला हिसका बसतो आणि डाग उमटतो, भावाच्या फोटोत तो बरोब्बर पट्टीच्या कडेलाच होता. पण हाड मोडलं तरी असाच हिरवा येतो, त्यामुळे पाय सुजला असेल किंवा पक्षी त्यावर भार टाकत नसेल तर एक्सरे काढाच.

सडलेला पाय काळा पडतो, थंड लागतो, सुकत जातो.

मी भावाला म्हटलं, डाग राहू दे, आधी तळवा उलटून बघ. तिथली खरखरीत कातडी गुळगुळीत, गुलाबी, चकचकीत झाली असेल तर ती बंबलफूटची, म्हणजे तळव्याला सूज येऊन जखम चिघळण्याच्या आजाराची सुरुवात, आणि त्यासाठी आजच डॉक्टर गाठायचा.