वादळात साथीदार बरळायला लागला तर: तो गारठलाय, की त्याला उंची लागलीय?

उंच पर्वतावर वादळात सापडलेल्यांच्या हकिकती वाचल्या, तर दोन गोष्टी जवळपास प्रत्येकीत येतात. कुणीतरी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागतो आणि कुणीतरी असंबद्ध बोलायला लागतो. आपण लगेच म्हणतो, थंडीनं गारठला. खूपदा ते खरंही असतं. पण हीच लक्षणं अगदी वेगळ्या कारणानंही येतात. उंचीवरच्या विरळ हवेत मेंदूला सूज येते, तेव्हाही माणूस असाच झोकांड्या खातो आणि असाच बरळतो.

पहिल्याला म्हणतात हायपोथर्मिया. दुसऱ्याचं नाव हाय अल्टिट्यूड सेरेब्रल एडीमा, ट्रेकर मंडळींच्या तोंडी नुसतं ‘हेस’. हा फरक डॉक्टरांवर सोडून भागत नाही, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट दिशेनं ओढतात. गारठलेल्याला आडोसा हवा, ऊब हवी, आहे तिथंच थांबायला हवं. मेंदूला सूज आलेल्याला खाली न्यायला हवं, आणि तेही ताबडतोब. वादळात बाहेर पडावं तर थंडी मारते, आत बसावं तर उंची मारते. आठ हजार मीटरवरच्या मोठ्या दुर्घटनांची मुळं मला या पेचातच दिसतात.

आधी गारठ्याचं पाहू. निरोगी माणसाच्या शरीराच्या गाभ्याचं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला. आधी जोरात हुडहुडी भरते, बोटं ऐकेनाशी होतात, बुटाची नाडी बांधता येत नाही, माणूस चिडचिड करतो. मग जीभ जड होते, पाय अडखळतात. तापमान ३२ च्या आसपास उतरलं की हुडहुडी थांबते. सोबतचे इथंच फसतात. ‘आता कापत नाही, बरं वाटत असेल’ असं त्यांना वाटतं. खरं तर शरीराकडे कापायलाही ताकद उरलेली नसते. याच्याही पुढे काही जणांना एकाएकी उकडल्यासारखं होतं आणि ते अंगावरचे कपडे काढायला लागतात. २८ अंशांच्या खाली हृदय इतकं नाजूक झालेलं असतं, की एखाद्या धक्क्यानंही त्याची लय बिघडू शकते.

या सगळ्याला उंची लागत नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे तिथं कुणाला हेस होणार नाही. पण आषाढातल्या पावसात भिजून, वाऱ्यावर रात्र काढावी लागली तर सह्याद्रीतही माणूस धोकादायक गारठू शकतो. ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो’ या समजुतीवर इथं विसंबता येत नाही.

हेसचं गणित वेगळं. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. आठ हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. काही जणांच्या शरीराला हे झेपत नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपतं आणि मेंदू सुजतो. कवटी हाडाची, ती फुगणार नाही, म्हणून दाब मेंदूवरच येतो. सहसा सुरुवात डोकेदुखी, मळमळ, उलटी आणि झोप उडण्यानं होते. मग तोल जातो, वागणं बदलतं, ग्लानी येते. उपचार झाला नाही तर दिवसभरातही माणूस बेशुद्ध होऊन जाऊ शकतो. हे बहुतेक वेळा नव्या उंचीवर पोचल्यापासून एक ते तीन दिवसांत होतं, आणि उबदार तंबूत, कोरड्या स्लीपिंग बॅगमध्ये पडलेल्यालाही होतं.

अगदी वर आणखी एक गोष्ट यात मिसळते. बाटलीतला ऑक्सिजन संपला की मेंदू सुजायच्या आधीच डोकं चालेनासं होतं. १९९६ च्या मे महिन्यातल्या वादळाच्या दिवशी एव्हरेस्टवर न्यूझीलंडच्या रॉब हॉलच्या गटातला वाटाड्या अँडी हॅरिस साऊथ समिट या मुख्य शिखराच्या थोड्या खालच्या टोकाजवळच्या भरलेल्या ऑक्सिजन बाटल्या रिकाम्या असल्याचं ठामपणे सांगत राहिला. तो अनुभवी माणूस होता, पण त्या क्षणी त्याचा मेंदू उपाशी होता.

त्याच वादळात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहायला मिळतात. १० मे १९९६ ला बरेच जण दुपारी उशिरा, परत फिरायची वेळ टळून गेल्यावर शिखरावर पोचले. संध्याकाळी वादळ आलं. उत्तरेकडून चढलेले भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघे, त्सेवांग सामन्ला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरुप, परतले नाहीत. दक्षिणेकडे हॉल, हॅरिस, त्यांच्याच गटातला डग हॅन्सन, दुसऱ्या एका गटाचा नेता स्कॉट फिशर आणि जपानची यासुको नाम्बा मरण पावले. एकूण आठ जण.

साऊथ कोलवर, म्हणजे शेवटचा कॅम्प असलेल्या सुमारे ७,९०० मीटरवरच्या खिंडीत, उतरणाऱ्यांचा एक घोळका तंबूंपासून काही शे मीटरवर येऊन वाट चुकला. पलीकडे कांगशुंग बाजूचा, म्हणजे पूर्वेचा कडा होता, म्हणून ते एकमेकांना बिलगून तिथंच बसले. वाऱ्यात, उघड्यावर, ऑक्सिजन संपलेला. मध्यरात्रीच्या सुमारास आकाश जरा उघडलं, तेव्हा ज्यांना चालता येत होतं ते तंबूंकडे निघाले. फिशरच्या गटातला वाटाड्या अनातोली बुक्रीव्ह एकटा परत येऊन तिघांना घेऊन गेला. नाम्बा आणि अमेरिकेचा डॉक्टर बेक वेदर्स मागे राहिले. सकाळी शोधायला गेलेल्यांना दोघं श्वास घेताना सापडली, पण इतकी खालावलेली, की आता वाचणार नाहीत असं समजून त्यांना तिथंच ठेवावं लागलं.

त्या दुपारी वेदर्स शुद्धीवर आला, उठला आणि स्वतःच्या पायांनी कॅम्पमध्ये आला. हिमदंशानं त्याचा उजवा हात कोपराखालून गेला, डाव्या हाताची बोटं गेली, नाक गेलं. पण बुद्धी शाबूत राहिली. नेपाळी सैन्याचे वैमानिक मदन खत्री छेत्री यांनी हेलिकॉप्टर सहा हजार मीटरच्या आसपास आणून त्याला उचललं. माझ्या समजुतीनं वेदर्सची गोष्ट प्रामुख्यानं गारठ्याची आहे. हेस झालेला माणूस आठ हजार मीटरवर औषधावाचून पडून राहून आपोआप बरा होत नाही. गारठलेला माणूस मात्र मेल्यासारखा दिसूनही जिवंत असू शकतो. म्हणूनच बर्फातून बचाव करणारे डॉक्टर सांगतात, की नाडी लागत नाही एवढ्यावरून गारठलेल्याला मृत ठरवू नये. आधी त्याला ऊब द्यावी, मग निर्णय घ्यावा.

फिशरचं तसं नव्हतं. वादळाच्या काही दिवस आधी त्याच्या गटातल्या एकाला उंची बाधली होती, आणि त्याला खाली बेस कॅम्पपर्यंत पोचवायला फिशर स्वतः उतरला आणि पुन्हा वर चढला. तो माणूस खाली आला म्हणून वाचला. फिशर मात्र शिखराच्या दिवशी आधीच थकलेला होता. उतरताना त्याच्यासोबत असलेल्या लोपसांग शेर्पानं नंतर सांगितलं, की आपण खूप आजारी आहोत असं फिशर म्हणत होता आणि उडी मारून खाली कॅम्प दोनला जातो अशी भाषा करत होता. त्याला हेस झाला असावा असं अनेकांना वाटतं, आणि ही भाषा ऐकली की मलाही तसंच वाटतं. तो साऊथ कोलच्या वर कोसळला. तैवानचा मकालू गाऊही तिथंच जवळ अडकलेला होता. दुसऱ्या दिवशी शेर्पा वर पोचले तेव्हा त्यांनी गाऊला गरम चहा आणि ऑक्सिजन दिला. तो उठला आणि आधारानं चालत खाली आला. फिशरला ऑक्सिजन लावला, पण त्याच्याकडून काहीच प्रतिसाद आला नाही. संध्याकाळी बुक्रीव्ह पोचला तेव्हा फिशर गेला होता. त्याच्या पिसांच्या उबदार सूटची चेन उघडी होती आणि हात उघडे होते. आधी उंची, मग थंडी, असं दोन्हींनी त्याला धरलं असावं.

हे दोघं एकाच जागी, एकाच वाऱ्यात रात्रभर होते. गाऊच्या हातापायांची बोटं आणि नाकही हिमदंशानं गेलं, पण ऊब आणि ऑक्सिजन मिळताच तो सावरला. फिशरच्या मेंदूला तोवर उशीर झालेला होता.

आता उलटं उदाहरण, ऑगस्ट १९८६ मधलं के-टू. शिखर ८,६११ मीटर. ४ तारखेला ब्रिटनचा अॅलन राऊज, ऑस्ट्रियाचे विली बाऊअर आणि आल्फ्रेड इमित्झर वर पोचले. संध्याकाळी उशिरा कुर्ट डिमबर्गर आणि ज्युली टुलिस हेही पोचले. उतरताना दोघं घसरले आणि त्यांना रात्र उघड्यावर काढावी लागली. मग वादळ बसलं ते बसलंच. सात जण आठ हजार मीटरच्या आसपासच्या शेवटच्या कॅम्पमध्ये अडकून पडले. एव्हरेस्टच्या लोकांना जे मिळालं नाही ते यांच्याकडे होतं, म्हणजे तंबू, स्लीपिंग बॅगा आणि एकमेकांची ऊब. तरीही टुलिस पहिल्या काही दिवसांतच एका रात्री गेली. नंतर गॅस संपला. गॅस नाही म्हणजे बर्फ वितळत नाही, म्हणजे पाणी नाही. पाण्याविना रक्त दाट होत जातं आणि उंचीचा मार दुप्पट लागतो.

१० तारखेला निघता येईल एवढं हवामान झालं, तेव्हा राऊज भ्रमात होता, हलवण्याच्या पलीकडे गेलेला. त्याला तंबूतच सोडावं लागलं. इमित्झर आणि हानेस विझर थोड्याच अंतरावर कोसळले. पोलंडची डोब्रोस्वावा मिओदोविच-वोल्फ खाली दोरांवर राहिली. बाऊअर आणि डिमबर्गर वाचले. त्या मोसमात के-टूवर १३ जण मरण पावले, त्यांतले पाच या वादळात.

‘तंबूत होते तरी कसे गेले?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. तंबू वारा अडवतो, हवेचा दाब वाढवत नाही. उलट वादळासोबत दाब आणखी उतरतो, म्हणजे आहे तिथंच बसून शरीराच्या हिशेबानं माणूस आणखी वर चढतो.

मग प्रत्यक्षात ओळखायचं कसं? पहिला प्रश्न असा, की झोकांड्या खाण्याआधी काय झालं होतं? आदल्या दिवसापासून डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, जेवण जात नव्हतं आणि गेल्या दोन दिवसांत बरीच उंची गाठली होती, तर हेसची शंका आधी घ्यायची. तो ओला होता, वाऱ्यात थांबला होता, बराच वेळ कापत होता, तर गारठा. दुसरं, जाकिटाच्या आत हात घालून त्याच्या पोटाला आणि छातीला स्पर्श करा. हात-पाय कुणाचेही गार असतात. पोटही गार लागलं तर गारठ्याची शंका पक्की धरा. तिसरं, त्याला तंबूत आणून, कोरडे कपडे घालून, गोड गरम चहा देऊन तासाभरानं पाहा. गारठा सौम्य असेल तर माणूस जागेवर येतो. अंग गरम झालं तरी त्याला सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालता येत नसेल, तर ही थंडी नव्हे आणि आता वेळ घालवू नका.

थकवा आणि उपासमारही अशीच सोंगं घेतात, हे लक्षात असू द्या. खात्री होत नसेल तर दोन्ही आहेत असं धरून चालावं. गारठ्यासाठी दिलेल्या ऊबेनं हेसचं नुकसान होत नाही आणि हेससाठी दिलेल्या ऑक्सिजननं गारठ्याचं नुकसान होत नाही. गारठलेल्याचे हातपाय चोळू नयेत, त्याला दारू देऊ नये, गुंगीत असेल तर तोंडात काही ओतू नये आणि हलवताना आडवं ठेवून अलगद हलवावं. ऊब द्यायची ती छाती, बगल आणि पाठीला. हेससाठी डेक्सामेथासोन हे औषध आणि दाब वाढवणारी हवाबंद पिशवी वेळ मिळवून देतात. पण खरा उपाय खाली उतरणं हाच. तीनशे ते हजार मीटर उतरल्यावर सहसा फरक दिसायला लागतो.

हे फक्त आठ हजारांच्या शिखरांपुरतं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे ढग दोन दिवसांनी नेपाळात पोचले. ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीत आणि आजूबाजूला त्या हिमवादळात आणि हिमप्रपातांत ४३ जण मरण पावले. त्यांत साधे ट्रेकर होते, स्थानिक लोकही होते. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर बंगळुरूहून आलेल्या गटातले नऊ जण वादळात मरण पावले. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून दर उन्हाळ्यात मंडळी याच उंचीवर जातात आणि बहुतेकांची पहिली भेट तिथं या दोन्ही आजारांशी एकत्रच होऊ शकते.

म्हणून संस्थेला पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या: नेत्याला या दोन्हींतला फरक ओळखता येतो का, डेक्सामेथासोन आणि ऑक्सिजन सोबत असतो का, आणि ते कधी द्यायचं हे ठरवणारं माणूस कोण. वादळात अडकलात आणि कुणाला हेस झाल्याची शंका असेल, तर वारा मंदावण्याची वाट पाहताना त्या माणसाचे बूट पायात राहू द्या, दोर आणि वाट तयार ठेवा, सोबत उतरणाऱ्या दोघांची नावं आधीच ठरवा. वाऱ्याची पहिली उघडीप मिळाली की तंबू, सामान, शिखर हे सगळं मागे ठेवून सर्वांत आधी त्याला उतरवायला घ्या.