सुगामो ते पंतप्रधानपद: किशी यांची आठ वर्षं

नोबुसुके किशी हे नाव आपल्याकडे बहुधा नातवामुळे पोहोचतं. शिंझो आबे यांचे ते आईकडून आजोबा. त्यांचा विषय निघाला की एक वाक्य ठरल्यासारखं येतं: अ वर्गाचे युद्धगुन्हेगार होते, तरी जपानचे पंतप्रधान झाले. या एवढ्याशा वाक्यात गोंधळ बराच आहे.

आधी 'अ वर्ग'. मराठीत हा शब्द प्रतवारीचा: अ वर्ग नगरपालिका, अ वर्गाचा ठेकेदार. त्यामुळे अ वर्गाचा गुन्हेगार सगळ्यांत भयंकर, ब त्याहून सौम्य आणि क किरकोळ, असं वाटून जातं. प्रत्यक्षात ही कलमातली अक्षरं आहेत. टोकियोतल्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाच्या सनदेतल्या पाचव्या कलमाची तीन पोटकलमं होती. अ म्हणजे शांततेविरुद्धचे गुन्हे: आक्रमक युद्धाचा कट रचणं, ते सुरू करणं, चालवणं. ब म्हणजे युद्धाचे रूढ नियम मोडणं. क म्हणजे मानवतेविरुद्धचे गुन्हे. अ साहजिकच मंत्री-सेनापतींच्या वाट्याला आलं. युद्धकैद्यांना मारहाण करणारा छावणीवरचा शिपाई ब किंवा क मध्ये जाई, आणि फासावर जाण्याचा धोका त्यालाही तेवढाच होता. टोकियोच्या खटल्यात फाशी झाली सात जणांना. ब आणि क खाली निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांनी मिळून नऊशेहून जास्त जणांना मृत्युदंड दिला.

दुसरा शब्द 'गुन्हेगार'. सप्टेंबर १९४५ मध्ये किशींना पकडलं ते अ कलमाखालचे संशयित म्हणून. ८ डिसेंबर १९४१ च्या युद्धघोषणेवर तेव्हाचे पंतप्रधान तोजो यांच्या मंत्रिमंडळातल्या वाणिज्य व उद्योगमंत्र्याची सही होती, आणि ते मंत्री किशी होते. पण १९४६ मध्ये ज्या अठ्ठावीस जणांवर आरोपपत्र दाखल झालं, त्यांत त्यांचं नाव नव्हतं. नंतरही आलं नाही. तीन वर्षांहून अधिक काळ ते सुगामो तुरुंगात बसून राहिले, ना आरोप, ना खटला. २३ डिसेंबर १९४८ रोजी त्याच तुरुंगात तोजो आणि आणखी सहा जणांना फाशी झाली. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, किशी आणि उरलेले संशयित बाहेर पडले.

या न्यायाधिकरणातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांच्या भिन्नमताच्या निकालाशी किशींचं नाव आपल्याकडे हटकून जोडलं जातं. पालांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं होतं हे खरं. पण किशी आरोपीच नव्हते, त्यामुळे पालांच्या निकालाने ते सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

मग का सोडलं? शीतयुद्धाचे वारे वाहू लागले होते आणि साम्यवादाविरुद्ध अमेरिकेला जपानमध्ये कामाची माणसं हवी होती, हे एक उत्तर. दुसरा लांबलचक खटला चालवायची कोणालाच हौस उरली नव्हती, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे. मला मात्र वाटतं की या वादात सगळी चर्चा 'अ' भोवतीच फिरत राहिली आणि जो प्रश्न खरोखर विचारायला हवा होता तो बाजूला पडला. नोव्हेंबर १९४२ मध्ये तोजो मंत्रिमंडळाने चिनी मजूर जपानमध्ये आणायचा निर्णय घेतला. खाणींत आणि बंदरांवर सुमारे एकोणचाळीस हजार माणसं आणली गेली, त्यातली सहा हजार आठशेच्या आसपास मेली. तेव्हा उद्योगखातं किशींकडे होतं. हा विषय ब आणि क चा. युद्ध पुकारण्याच्या कागदावरच्या सहीपेक्षा इथे त्यांची जबाबदारी जास्त जवळून तपासता आली असती. ती तपासली गेली नाही.

त्याआधीचं आयुष्य थोडक्यात. जन्म १८९६, यामागुची प्रांतातला, साटो घराण्यात. किशी हे दत्तक गेल्यानंतरचं आडनाव, म्हणून सख्खा धाकटा भाऊ एइसाकू साटो. टोकियोत कायद्याचं शिक्षण, मग उद्योगखात्यात नोकरी. १९३६ मध्ये ते मांचुकुओला, म्हणजे मांचुरियातल्या जपानच्या बाहुल्या राज्यात गेले. सरकारी योजना, लष्कराचा धाक आणि खासगी भांडवल यांची मोट तिथे बांधली गेली, तिच्या मुख्य कारागिरांत ते होते. राजकारणातला पैसा गाळणीतून गाळून मगच घ्यावा, असा त्यांच्या नावावर सांगितला जाणारा सल्ला याच काळातला. जुलै १९४४ मध्ये पॅसिफिकमधलं सायपान बेट अमेरिकेच्या हाती पडल्यावर तोजोंनी त्यांचा राजीनामा मागितला. किशींनी तो द्यायला नकार दिला आणि तोजोंचं मंत्रिमंडळच कोसळलं. युद्धानंतर ही आठवण त्यांच्या फार कामी आली.

सुटकेच्या दिवशीचं एक छायाचित्र आहे. तुरुंगातून आलेला थोरला भाऊ सिगारेट ओढतो आहे आणि जवळ धाकटा. जागा कोणती? तर सरकारी निवासस्थान. साटो तेव्हा पंतप्रधान योशिदा यांच्या मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव होते. म्हणजे सकाळी तुरुंगात असलेला माणूस त्याच दिवशी सत्तेच्या दिवाणखान्यात बसला होता. तरी दार लगेच उघडलं नाही. युद्धकाळातल्या नेत्यांवरची पदबंदी सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता तह एप्रिल १९५२ मध्ये अमलात येईपर्यंत त्यांच्यावर होती.

बंदी उठल्यावर त्यांनी स्वतःची जपान पुनर्बांधणी संघटना घेऊन ऑक्टोबर १९५२ च्या निवडणुकीत उडी घेतली आणि आपटले. चळवळीने सत्ता मिळत नाही, चालत्या पक्षात शिरावं लागतं, हे त्यांना तिथे कळलं असावं. पुढच्याच वर्षी योशिदा संसदीय समितीत एका विरोधी सदस्याला पुटपुटत 'बाकायारो' म्हणाले, म्हणजे साधारण 'मूर्ख लेकाचा'. एवढ्यावरून अविश्वास ठराव, विसर्जन आणि पुन्हा निवडणूक. विसर्जन झालं तेव्हा किशी पश्चिम जर्मनीत होते. इकडे भावाने त्यांच्या उमेदवारीची व्यवस्था केली. एप्रिल १९५३ मध्ये ते योशिदांच्याच लिबरल पक्षाकडून निवडून आले.

आणि दीड वर्षात त्याच पक्षातून हाकलले गेले. नोव्हेंबर १९५४ मध्ये योशिदांविरुद्ध नवा पक्ष उभारल्याबद्दल दोघांची एकत्र हकालपट्टी झाली: किशी आणि तानझान इशिबाशी. यापेक्षा विजोड जोडी सापडणार नाही. इशिबाशी पत्रकार, जपानने वसाहती सोडून द्याव्यात असं साम्राज्य भरात असताना लिहिणारे. नव्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष हातोयामा आणि सरचिटणीस किशी. महिन्याभरात योशिदा गेले, हातोयामा पंतप्रधान झाले.

१९५५ च्या ऑक्टोबरात समाजवाद्यांचे दोन गट एक झाले, तसं दोन्ही रूढिवादी पक्षांनाही एकत्र येणं भाग पडलं. वाटाघाटी चौघांनी केल्या. त्यांत एका बाजूचे सरचिटणीस किशी, दुसऱ्या बाजूचे इशिई. १५ नोव्हेंबरला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष जन्मला आणि त्याचे पहिले सरचिटणीस किशी झाले. उमेदवाऱ्या आणि पक्षाची थैली ज्याच्या हाती तो सरचिटणीस, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावायला नको.

१४ डिसेंबर १९५६, पक्षाध्यक्षपदाची निवडणूक. पहिल्या फेरीत किशी २२३, इशिबाशी १५१, इशिई १३७. बहुमत कोणालाच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याने आधीच हातमिळवणी केली होती. दुसऱ्या फेरीत इशिबाशी २५८, किशी २५१. सात मतांनी पंतप्रधानपद हुकलं. पैसे दोन्ही बाजूंनी वाटले गेल्याची चर्चा तेव्हाही उघड होती.

किशी परराष्ट्रमंत्री झाले. जानेवारीच्या अखेरीस इशिबाशी आजारी पडले. १९३० मध्ये गोळी लागलेल्या पंतप्रधानाला संसदेत येता येत नसेल तर पायउतार व्हावं, असं त्यांनीच कधीकाळी लिहिलं होतं. आता तोच न्याय त्यांनी स्वतःला लावला. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी किशी पंतप्रधान झाले. अमेरिकेने आणून बसवलं म्हणणाऱ्यांना या सात मतांचं आणि या आजारपणाचं काय करायचं ते सांगता येत नाही. अमेरिकी पैसा आला नाही असं नाही. १९५८ च्या निवडणुकीत काही निवडक अनुकूल नेत्यांना गुप्तपणे मदत दिल्याचं अमेरिकी सरकारनेच २००६ मध्ये छापलं, नावं गाळून. पण तोवर किशी खुर्चीत बसले होते.

मे १९५७ मध्ये ते दिल्लीला आले. भारतात येणारे ते पहिले जपानी पंतप्रधान. ऑक्टोबरमध्ये नेहरू टोकियोला गेले आणि १९५८ मध्ये जपानचं पहिलं येन कर्ज भारताला मिळालं.

'तोजोंचा मंत्री' हा शिक्का खरा तापला तो १९६० मध्ये. अमेरिकेबरोबरच्या १९५१ च्या सुरक्षा करारात जपानचं रक्षण करायचं स्पष्ट बंधन अमेरिकेवर नव्हतं, उलट जपानमधली दंगल मोडायला तिचं सैन्य वापरायची सोय होती. किशींनी केलेला नवा करार त्याहून चांगलाच होता. पण १९ मे च्या रात्री सभापतींची वाट अडवून बसलेल्या समाजवादी सदस्यांना पोलिसांनी उचलून बाहेर नेलं, आणि मध्यरात्रीनंतर विरोधकांच्या गैरहजेरीत करार कनिष्ठ सभागृहात संमत झाला. त्यानंतर रस्त्यावर आलेल्यांतल्या अनेकांना कराराची कलमं माहीत नव्हती. ती रात्र माहीत होती. १५ जूनला संसदेच्या आवारात एक विद्यार्थिनी मेली, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा जपान दौरा रद्द झाला. १९ जूनच्या मध्यरात्री तीस दिवसांची मुदत भरून, वरिष्ठ सभागृहाच्या मंजुरीविनाच, करार आपोआप मंजूर ठरला. २३ जूनला किशींनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. १४ जुलैला एकाने त्यांच्या मांडीत सुरा खुपसला. त्यातून ते वाचले आणि १९८७ पर्यंत जगले.

राहिला सुरुवातीच्या त्या वाक्यातला 'तरी'. अ कलमाखाली खरोखर दोषी ठरलेले दोघे पुन्हा मंत्री झाले, त्यांच्याबाबतीत तो शोभला असता. सात वर्षांची शिक्षा झालेले शिगेमित्सू हातोयामांचे परराष्ट्रमंत्री होते. डिसेंबर १९५६ मध्ये जपानला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तेव्हा तिथे भाषण त्यांनीच केलं. आणि तोजोंचे अर्थमंत्री काया, ज्यांना जन्मठेप झाली होती, ते १९५५ मध्ये सुटले, १९५८ मध्ये निवडून आले आणि १९६३ मध्ये कायदामंत्री झाले.