निसटलेला ब्रेकपॉइंट: सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा?

परवा आमच्या नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात शेजारची ज्युनिअर वैतागून म्हणाली, "दादा, ब्रेकपॉइंट तर बरोबर लावला ना, मग मोजणी कमी काऊन येते?" ब्रेकपॉइंट म्हणजे चालता प्रोग्रॅम ठरलेल्या जागी थांबवणारी खूण. तिने लिनक्सवर पीट्रेस (एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यावर नजर ठेवायची सोय) वापरून स्वतःचा ट्रेसर, म्हणजे ब्रेकपॉइंट किती वेळा लागला ते मोजणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. दहा थ्रेड (एकाच प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे), प्रत्येकी हजार वेळा तेच फंक्शन. दहा हजार भरायला हवे होते, भरत नव्हते. मी आधी थ्रेडवार आकडे मागितले. सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट निसटतो आणि हार्डवेअरचाही निसटतो, पण दोघांची तऱ्हा वेगळी असते आणि ती आकड्यांत दिसते.

इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे चक्क कोडमधली खाडाखोड. इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट काढून तिथे इंट ३ या 'इथे थांब' सांगणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा बाइट बसवायचा, हेक्समध्ये सीसी. कोडची मेमरी सगळ्या थ्रेडची सामाईक, त्यामुळे एकदा लिहिलं की सगळ्यांना लागू. घोळ होतो पुढे सरकताना. मूळ बाइट परत ठेवायचा, थांबलेल्या थ्रेडला एक पाऊल टाकू द्यायचं, मग सीसी पुन्हा लिहायचा. व्हरायटी चौकात एका गाडीसाठी बॅरिकेड सरकवलं की मागून चार दुचाक्या घुसतात, तसे तेवढ्या वेळात चालू असलेले बाकीचे थ्रेड निघून जातात. म्हणून ते पाऊल पडेपर्यंत सगळ्यांना थांबवून धरावं लागतं. नाहीतर सीसी जागेवरच ठेवून मूळ इन्स्ट्रक्शनची प्रत दुसरीकडे चालवायची. जीडीबी हा डीबगर नॉन-स्टॉप मोडमध्ये (एक थ्रेड थांबला तरी बाकीचे चालू) हेच करतो, त्याला डिस्प्लेस्ड स्टेपिंग म्हणतात.

हार्डवेअर ब्रेकपॉइंट कोडला हात लावत नाही. पत्ता प्रोसेसरमधल्या डीआर ० ते डीआर ३ यांपैकी एका रजिस्टरात जातो, म्हणून एका वेळी चारच. पुढे जायला रिझ्यूम फ्लॅग (तोच ब्रेकपॉइंट लगेच पुन्हा लागू नये म्हणून असलेला बिट) पुरतो, त्यामुळे वरची फट इथे नसतेच. पण लिनक्समध्ये ही रजिस्टरं प्रत्येक थ्रेडची आपापली. नव्या थ्रेडमध्ये ती कोरी असतात, ट्रेसरने प्रत्येकात वेगळी भरावी लागतात.

म्हणून हार्डवेअरचा निसटतो तेव्हा अख्खा थ्रेड शून्यावर राहतो, दर वेळी. सॉफ्टवेअरचा निसटतो तेव्हा जवळपास सगळेच थोडे थोडे कमी भरतात आणि आकडा दर वेळी बदलतो. आणखी एक खूण: ट्रेसरने पकडलेलाच नाही असा थ्रेड इंट ३ वर आला, तर सिगट्रॅप या सिग्नलने सगळा प्रोग्रॅमच मरतो. हार्डवेअरच्या बाबतीत तोच थ्रेड गुपचूप निघून जातो. मला ही शांतता जास्त घातक वाटते.

तिचे आकडे थोडे थोडे कमी होते, दोन रनमध्ये वेगवेगळे. पाऊल टाकण्याआधी बाकीचे नऊ थांबवले आणि दहा हजार भरले.

तरी तिला एक जागा दाखवून ठेवली. इंट ३ नंतर प्रोग्रॅम काउंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे तो पत्ता) एक बाइट पुढे असतो. ब्रेकपॉइंट काढून टाकताना एखादा थ्रेड आधीच त्यावर आदळलेला असला आणि त्याचा काउंटर एकने मागे घेतला नाही, तर तो इन्स्ट्रक्शनच्या मधूनच चालू लागतो.