उपग्रहचित्रांवरून छतमोजणी (खानदेश)

उपग्रहचित्रांवरून छतमोजणी : शिडी न लावता आणि टेप न धरता, उपग्रहाने टिपलेल्या चित्रावरून छताची कड, क्षेत्रफळ, उतार व उंची काढण्याची पद्धत. कड ओळखण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे मॉडेल करते. सौर पॅनेलची आखणी, पावसाच्या पाण्याचा हिशेब, घरपट्टीची पडताळणी आणि वादळ-पुरानंतरचा नुकसानीचा अंदाज यांसाठी ही पद्धत वापरता येते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत स्लॅब, पत्रा, कौले आणि मातीचे धाबे एकाच गावात शेजारी-शेजारी दिसतात. त्यामुळे ही मोजणी येथे विशेष अवघड होते.

सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान चौकोनी ठिपका, १० मीटरचा असतो. त्यात अख्खे घर मावते, म्हणून छतासाठी ते चित्र उपयोगाचे नाही. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी इस्रोने सोडलेला कार्टोसॅट-३ कृष्णधवल चित्रात सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील देतो. अशा चित्रांवर माणसांनी हाताने रेखलेली हजारो छते मॉडेलला दाखवतात. मग नव्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल छताचा की जमिनीचा, हे ते ठरवते. २०१५ साली मांडलेली यू-नेट ही अशा मॉडेलची रचना या कामात फार वापरली गेली. गूगलच्या ‘ओपन बिल्डिंग्ज’ या खुल्या संचात २०२३ च्या आवृत्तीपासून भारतासह सुमारे १८० कोटी इमारतींच्या कडा आहेत.

कडेवरची चूक लहान दिसली तरी क्षेत्रफळात मोठी होते. ६ बाय ९ मीटरचे घर ५४ चौरस मीटर भरते. अर्ध्या मीटरच्या पिक्सेलवर मॉडेलची रेघ चारही बाजूंनी फक्त अर्धा पिक्सेल बाहेर गेली, तर तेच घर ६१.७५ चौरस मीटर होते, म्हणजे १४ टक्के जास्त. गावठाणातल्या लहान घरांना हा फरक जाचक ठरतो. मोठ्या जिनिंग मिलच्या छतावर तो जाणवतही नाही.

खानदेशातली सर्वांत कठीण बाब म्हणजे धाबे. लाकडी खणांवर फळ्या किंवा काड्या अंथरून वर मातीचा जाड थर चोपलेला असतो. हे छत आणि समोरचे अंगण एकाच मातीचे, एकाच रंगाचे. सावलीची बारीक रेघ सोडली तर वरून दोन्हींत फरक उरत नाही. पावसाळ्यात धाब्यावर गवत उगवते, उन्हाळ्यात मिरच्या आणि कुरडया वाळत पडतात, गळू लागले की मेणकापड येते. एकाच छताचे रूप वर्षभरात तीनदा बदलते. त्यात घरे सामाईक भिंतींनी जोडलेली. गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला धाब्यांवरून चालत जाता येते, आणि मॉडेल ती सारी ओळ एकच छत म्हणून रेखून मोकळे होते. उलट रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात रोपवाटिकेचे शेडनेट त्याला इमारत वाटू शकते. परमुलखातल्या सिमेंटच्या छतांवर शिकलेले मॉडेल येथे जसेच्या तसे वापरणे चुकीचे आहे. शिकवणीचे नमुने याच गावांतून आणि वेगवेगळ्या ऋतूंतून घ्यायला हवेत.

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवर घरे सुटी असतात, त्यामुळे ती वेगळी काढणे सोपे. पण तेथे डोंगरउताराने चित्र सरकते आणि आधी भूरूपानुसार दुरुस्ती करावी लागते. उतरत्या छताचे चित्रात दिसते ते आडवे क्षेत्रफळ. ३० अंशांच्या उताराला कौले वा पत्रे त्याच्या सुमारे १.१५ पट लागतात. पाण्याच्या हिशेबाला मात्र आडवे क्षेत्रफळच धरतात : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर ६०० मिलिमीटर पाऊस पडून त्यातले ८० टक्के पाणी हाती लागले, तर ४८,००० लिटर साठतात. पाणीटंचाईच्या गावाला हा आकडा आधी कळणे मोलाचे आहे.

सौर पॅनेलला १ किलोवॅटमागे साधारण १० चौरस मीटर मोकळी, सावलीविरहित जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. खानदेश सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर येतो. टाकी जितकी उंच, तितकीच लांब तिची सावली उत्तरेला पडते. तेवढी जागा मोजणीतून वजा करावी लागते. धाब्याखालचे लाकूड पॅनेलचा सांगाडा पेलेल का, हे चित्रातून कळत नाही. ते घरात जाऊनच पाहावे लागते.

घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंदी अशा चित्रांशी ताडून पाहता येतात. छतावरून मजले मात्र मोजता येत नाहीत आणि मालकीही ठरत नाही. गावठाणातील मिळकतींसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत म्हणूनच ड्रोन वापरले जाते आणि उड्डाणाआधी गावकऱ्यांसमक्ष हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढल्या जातात.