पार्श्वभूमी : गोव्यातील एका लहान मराठी मंडळीचा आगमनकाळ

मराठी ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या बोलण्यातले पाद्री, क्रूस आणि नाताळ हे तिन्ही शब्द मूळचे पोर्तुगीज आहेत. गोव्याच्या याच किनाऱ्याने ते मराठीत उतरले आणि पुढे अहमदनगर-सोलापूरकडच्या प्रॉटेस्टंट घरांतही रुळले. नाताळाच्या आधीच्या चार रविवारांसाठी मात्र असा एकही शब्द रुळला नाही. कॅथलिक बांधव ‘आगमनकाळ’ म्हणतात. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (म्हणजे एकेका चर्चच्या उपासक-समुदायांत) कोणी ‘ॲडव्हेंट’ म्हणतो, कोणी ‘आगमनाचे रविवार’ म्हणतो, आणि जुनी माणसे नुसते ‘नाताळाची तयारी’ म्हणतात. शब्द नव्हता, कारण ती रीतच नव्हती. गोव्यातील मराठी मंडळ्यांनी हे चार रविवार गेल्या पन्नास-साठ वर्षांतच आपलेसे केले, आणि ते कसे पाळावेत याची चर्चा अजून पूर्ण मिटलेली नाही. या टिपणात मुरगाव तालुक्यातील एका लहान मंडळीचा अनुभव मध्यभागी ठेवला आहे.

दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मराठीतले पहिले मोठे ख्रिस्ती काव्य गोव्यातच रचले गेले. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे (कॅथलिक धर्मसंघातल्या धर्मगुरूचे) ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि आम्हा प्रॉटेस्टंटांनाही त्याचा अभिमान वाटतो. पण आमची उपासनेची परंपरा तिथून आलेली नाही. १५६० ते १८१२ या काळात, मधली चार वर्षे सोडली तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्ममताबाहेरच्यांची चौकशी करणारे न्यायालय, होते. प्रॉटेस्टंट उपासनेला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात गोव्यात तळ देऊन राहिलेली इंग्रज फौज हा एक ठळक अपवाद, आणि दोना पावलाजवळची त्यांची दफनभूमी ही त्याची राहिलेली खूण.

मराठी प्रॉटेस्टंट परंपरा गोव्यात आली ती महाराष्ट्रातून. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले; कोल्हापूर, मिरज, वेंगुर्ले ही केंद्रे पुढे दुसऱ्या एका अमेरिकन मिशनने चालवली. यांतल्या पहिल्या मिशनऱ्यांच्या मागे न्यू इंग्लंडचा प्युरिटन वारसा होता. शास्त्रात ज्याची आज्ञा नाही तो सण मानू नये, अशी त्या परंपरेची धारणा होती, आणि मॅसेच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला दंड होत असे. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा कडकपणा निवळला होता, तरी उपासनेचे वार्षिक चक्र, त्यातले रंग आणि ऋतू यांना त्या मंडळ्यांत स्थान मिळाले नाही. म्हणून त्यांच्याकडून मराठी मंडळ्यांना नाताळ मिळाला, आगमनकाळ मिळाला नाही. ही रिकामी जागा गीतांनी भरून काढली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची भजने आणि नगरकडे रुजलेले ख्रिस्ती कीर्तन यांमुळे डिसेंबरचा महिना हा टाळ-पेटीचा महिना झाला, आणि नोकरीनिमित्त गोव्यात येणाऱ्या कुटुंबांच्या ट्रंकेत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक असायचेच.

ही कुटुंबे आली ती मुक्तीनंतर. १९६१ साली आगमनकाळाचा तिसरा रविवार १७ डिसेंबरला होता. त्याच रात्री भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि मंगळवारी, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत नौदल, बंदर, रेल्वे, बँका, शाळा आणि रुग्णालये यांत काम करण्यासाठी मराठी ख्रिस्ती माणसे येत राहिली. सुरुवातीची उपासना एखाद्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत होई. खुर्च्या शेजारून आणायच्या, पेटी ज्याची त्याने आणायची, आणि पाळक (धर्मगुरू) महिन्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे, ही त्या काळाची सर्वसाधारण पद्धत होती.

इथे आल्यावर या मंडळीला आपल्या भाषेची एक वेगळीच जाणीव झाली. गोव्यात देवळातले भजन मराठीत होते आणि इगर्जेतली (कॅथलिक चर्चमधली) मिसा, म्हणजे उपासना, प्रामुख्याने कोकणीत. मराठी प्रॉटेस्टंटाची श्रद्धा कॅथलिक शेजाऱ्याच्या जवळची, पण त्याची उपासनेची भाषा आणि चाल हिंदू शेजाऱ्याच्या जवळची. डिसेंबरात घरोघर गीते म्हणत फिरताना याचा अनुभव दर वर्षी येतो. टिळकांचे भजन सुरू झाले की शब्द आणि ताल दोन्ही ओळखून हिंदू घरातली आजी हात जोडून ऐकते, आणि पलीकडच्या कॅथलिक घरातली माणसे येशूजन्माची कथा ओळखतात, पण ती अभंगाच्या चालीवर ऐकून थोडी थबकतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत कोकणी आणि मराठीचा वाद जेव्हा तापला होता, तेव्हा या फेऱ्यांत कोणती गीते म्हणावीत हाही नाजूक प्रश्न झाला होता. तो वाद इथे उघडण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवायला हवे की त्या वर्षांत मंडळीने दोन कोकणी गीते बसवली आणि ती आजतागायत चालू आहेत.

आगमनकाळ रीतसर आला तो १९७० नंतर. त्या वर्षी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट परंपरांचे एकीकरण झाले. तो दिवस होता २९ नोव्हेंबर, म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार. काही ठिकाणी हे एकीकरण मान्य झाले नाही आणि वाद न्यायालयापर्यंत गेले. पण ज्या मंडळ्या त्यात सामील झाल्या त्यांच्यात अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) घरांतून आलेली माणसे आणि अमेरिकन मिशनच्या घरांतून आलेली माणसे एका बाकावर बसू लागली, आणि उपासनेचे वार्षिक चक्र सगळ्यांच्या वाट्याला आले. यशया आणि मीखा या संदेष्ट्यांचे व लूकच्या पहिल्या अध्यायाचे ठरलेले पाठ डिसेंबरच्या रविवारी वाचले जाऊ लागले. पाठांना कोणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती मेणबत्त्यांना.

ऐंशीच्या दशकात मंडळीतल्या एका परिचारिकेने सुचवले की हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या ठेवून दर रविवारी एक-एक अधिक लावावी. तिने ही पद्धत प्रशिक्षणाच्या काळात पाहिली होती. मंडळीच्या वडीलजनांची (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची) सभा यावर तीनदा बसली. एवढ्या लहान मंडळीत इतका वेळ चाललेला दुसरा विषय म्हणजे फक्त छपराचा खर्च.

पहिला आक्षेप शब्दावर होता. उपासनेच्या पत्रकात कोणीतरी ‘पुष्पचक्र’ असे लिहिले होते. मराठीत पुष्पचक्र वाहतात ते शवपेटीवर किंवा हुतात्मा स्मारकावर. जन्माची वाट पाहणाऱ्या मंडळीपुढे पुष्पचक्र कसे ठेवायचे, हा प्रश्न अगदी रास्त होता. ‘आगमनचक्र’ हा पर्याय आला, पण ‘आगमन’ या शब्दावरही मतभेद निघाले. मंडळीतल्या काही कुटुंबांच्या कानाला ‘प्रभूचे आगमन’ म्हणजे ख्रिस्ताचे पुन्हा येणेच वाटत असे, गोठ्यातला जन्म नव्हे. वास्तविक या काळात दोन्ही आगमनांचे स्मरण करायचे असते, त्यामुळे शब्द चुकीचा नव्हता. पण तो समजावून सांगण्यातच एक सभा गेली. शेवटी पत्रकात ‘मेणबत्त्यांचे कडे’ असे साधे लिहायचे ठरले, आणि आजही तेच लिहिले जाते.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता : हे तर कॅथलिकांचे आहे. माझ्या मते या आक्षेपाला तथ्याचा आधार नव्हता. मेणबत्त्यांचे हे कडे सुरू झाले ते १८३९ मध्ये हॅम्बर्ग येथे, योहान हिनरिख विखेर्न या लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंटच, धर्मसेवकाच्या अनाथ मुलांच्या वसतिगृहात. नाताळ कधी येणार म्हणून मुले रोज विचारत, तेव्हा त्याने गाडीच्या जुन्या चाकावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. लहान मेणबत्ती रोजच्या दिवसाची, मोठी रविवारची. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरलाच आला होता, त्यामुळे चोवीस दिवसांना चोवीस मेणबत्त्या पुरल्या. कॅथलिक चर्चांत ही पद्धत आली ती विसाव्या शतकात. म्हणजे वडीलजन ज्याला शेजाऱ्यांचे अनुकरण समजत होते, ते मुळात आपल्याच घराण्यातले होते.

तरीही वडीलजन केवळ अज्ञानातून बोलत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोक २५.१ टक्के आहेत आणि ते जवळजवळ सगळे कॅथलिक आहेत. प्रॉटेस्टंट मुलाला शाळेत ‘तुमची इगर्ज खंयची?’ (तुमचे चर्च कुठले?) हा प्रश्न ठरलेला, आणि सायबिणीचे (मारियामातेचे) फेस्त नसलेले चर्च असते हे समजावून सांगताना त्याची दमछाक होते. चर्चमधले उघडे लाकडी टेबल, रिकामी भिंत आणि उघडे शास्त्र एवढ्याच गोष्टींनी ज्यांनी आपली ओळख इतकी वर्षे टिकवली होती, त्यांना टेबलावर अचानक चार मेणबत्त्या दिसणे जड जाणारच होते. त्यामुळे तडजोड झाली. कडे प्रभुभोजनाच्या टेबलावर नव्हे, तर बाजूच्या स्टुलावर ठेवायचे. जांभळा-गुलाबी रंग नको, चारही मेणबत्त्या पांढऱ्या. आणि ज्योत लावण्यापूर्वी पाठ वाचला गेलाच पाहिजे. या तिन्ही अटी चांगल्या होत्या असे आज वाटते, विशेषतः तिसरी.

ते पहिले कडे सायकलच्या जुन्या रिमचे होते. किनाऱ्यावरून सुरूच्या फांद्या आणून त्या सुतळीने रिमला बांधल्या होत्या. दुसऱ्या रविवारपर्यंत त्या करड्या पडून फरशीवर सळ्या गळू लागल्या, म्हणून पुढे दर शनिवारी ताजे आंब्याचे डहाळे बांधायची पद्धत पडली. ज्योत टिकावी म्हणून पंखे बंद करावे लागतात. डिसेंबरातही इथे दमटपणा असतोच, त्यामुळे यशयाचा पाठ संपेपर्यंत सगळी मंडळी घाम टिपत शांत बसलेली असते, आणि मग सर्वांत वडील बाई व सर्वांत लहान चालते मूल मिळून मेणबत्ती लावतात.

गोव्याचे कॅलेंडरही या चार रविवारांना आकार देते. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो, आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनापासूनच (प्रार्थनांपासूनच) बसगाड्या भरून जातात आणि दूरच्या कुटुंबांना उपासनेला पोचायला उशीर होतो, म्हणून त्या दिवशीची उपासना अर्धा तास उशिरा सुरू होते. ८ डिसेंबरला पणजीचे फेस्त. १९ तारखेला मुक्तिदिनाची सुट्टी, आणि हीच सुट्टी मंडळीच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाची झाली आहे : सकाळी महिला मंडळाचा फराळ, दुपारी सहभोजन, संध्याकाळी मुलांची नाटिका.

नाताळाचा कार्यक्रम आगमनकाळातच करावा का, यावरही बोलणे झाले आहे. वाट पाहण्याच्या दिवसांत जन्माची गीते म्हणू नयेत, असे अँग्लिकन वळणाची कुटुंबे म्हणत. पण त्यांचाही नाइलाज होता, कारण वीस तारखेनंतर मंडळी उरतच नसे. पूर्वी वास्कोहून मीटर गेजच्या गाडीने लोंढ्यामार्गे मिरजेला आणि तिथून गाडी बदलून पुढे. आता रातराणीने किंवा स्वतःच्या मोटारीने. प्रत्येकाचा नाताळ गावच्या मंडळीत, आईवडिलांच्या घरी. नेवऱ्यांना करंज्या म्हणणारी ही माणसे शेजारच्या घरून आलेले दोदोल आणि बेबिंक डब्यात भरून घाट चढतात. त्यामुळे गोव्यात एकत्र घालवायचे दिवस म्हणजे हे चार आठवडेच, आणि नाताळापेक्षा आगमनकाळ इथे अधिक भरगच्च होण्याचे कारण बरेचसे हेच आहे.

कड्याच्या मध्यभागी पाचवी, उंच मेणबत्ती असते. ती आधी लावायची नाही, यावर मंडळी ठाम राहिली आहे. १९ तारखेच्या कार्यक्रमातही ती तशीच ठेवतात. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला. त्या सकाळी चौथी मेणबत्ती लागली तेव्हा चर्चमध्ये एकोणीस माणसे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा उरली होती : ड्यूटी असलेल्या तीन परिचारिकांपैकी एक, एक निवृत्त जोडपे, पहिल्यांदाच घरापासून दूर राहिलेला एक नौसैनिक आणि गोव्यातच जन्मलेली, गावाला जायला आता कोणी नसलेली दोन कुटुंबे. पंखे बंद केले, लूकचा दुसरा अध्याय वाचला आणि नौसैनिकाने पाचवी मेणबत्ती लावली.