संकरित भात : जनक वाणांची निवड

भाताचे फूल स्वतःच्याच परागावर फळते. सकाळी ते जेमतेम तास-दीड तास उघडते, आणि तोवर परागण बहुधा उरकलेले असते. एकेका फुलातले सहा पुंकेसर चिमट्याने काढून शेताला पुरेल इतके संकरित बियाणे करणे अशक्यच. म्हणून आई होणारा वाण मुळातच नरवंध्य, म्हणजे ज्याचे पराग निकामी असतात असा, लागतो. असे वंध्यत्व १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर एका रानभातात सापडले. चिनी भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या चमूने त्यावरून त्रिवाण पद्धत उभी केली आणि १९७६ पासून चीनमध्ये संकरित भात मोठ्या क्षेत्रावर गेला.

या पद्धतीत ‘ए’ म्हणजे नरवंध्य वाण, ‘बी’ म्हणजे ते वंध्यत्व पिढ्यान्‌पिढ्या राखणारा धारक वाण आणि ‘आर’ म्हणजे संकरात दाणे भरवणारा पुनर्स्थापक वाण. वंध्यत्व पेशीद्रव्यातून, म्हणजे आईकडून येते. त्यावर मात करणारी जनुके मात्र बापाच्या गुणसूत्रांवर असतात.

कोणता वाण ‘बी’ ठरेल आणि कोणता ‘आर’, हे नुसते रोप पाहून कळत नाही. त्याचा ‘ए’शी चाचणी-संकर करतात आणि संततीचे पराग आयोडिनात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सजीव पराग स्टार्चमुळे काळपट होतात. वंध्य पराग फिके, चुरगळलेले राहतात. लोंबी फुलण्याआधी पिशवीत बांधून भरलेले आणि पोचट दाणेही मोजतात. सगळे पोचट निघाले तर वाण धारक, बहुतेक भरले तर पुनर्स्थापक. अधलेमधले वाण सहसा बाजूला पडतात. चांगल्या धारकाशी पाच-सहा पिढ्या प्रतिसंकर, म्हणजे संततीचा पुन्हापुन्हा त्याच धारकाशी संकर, केला की नवा ‘ए’ तयार होतो.

पुढची कसोटी संयोगक्षमतेची, म्हणजे इतर वाणांशी जोडी जमवून सरस संकर देण्याच्या क्षमतेची. स्वतः भरघोस पिकणारा वाण चांगला जनक असेलच असे नाही. त्यासाठी अनेक ‘ए’ आणि अनेक ‘आर’ यांचे संकर एकत्र लावून तुलना करतात. या विश्लेषणाची रीत संख्याशास्त्रज्ञ केम्पथॉर्न यांनी १९५७ मध्ये मांडली. कोणता जनक सर्वच जोड्यांत सरस ठरतो आणि कोणती एखादीच जोडी विशेष जमते, हे त्यातून वेगळे दिसते. संकर आई-बापाच्या सरासरीपेक्षा वरचढ आहे, एवढ्याने शेतकऱ्याचे काहीच भागत नाही. त्याच मुदतीच्या, हळव्या, निमगरव्या किंवा गरव्या, उत्तम प्रचलित वाणाला त्याने मागे टाकले पाहिजे. जनक फार जवळचे असतील तर संकरजोम, म्हणजे संकराचा आई-बापापेक्षा वरचढ जोम, मिळत नाही. इंडिका-जपोनिका या भाताच्या दोन मुख्य प्रकारांइतके दूरचे असतील तर पोचटपणा वाढतो.

दाण्याच्या प्रतीकडे पूर्वी पुरेसे लक्ष गेले नाही, आणि ती चूक महागात पडली. संकराच्या लोंबीतला दाणा ही पुढची पिढी असते, त्यामुळे एकाच लोंबीत वेगवेगळे शिजणारे तांदूळ निघू शकतात. म्हणून दोन्ही जनकांचे अमायलोज (भात मोकळा की चिकट होतो हे ठरवणारा स्टार्चचा घटक) आणि दाण्याची ठेवण जुळती लागते. ‘आयआर ५८०२५ ए’ हा नरवंध्य वाण भारतात फार वापरला गेला, पण त्याचा मंद वास दक्षिणेतल्या ग्राहकांना रुचला नाही. उलट ‘पुसा आरएच-१०’ या २००१ च्या संकरात दोन्ही जनक बासमती प्रतीचे घेतले गेले. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा ‘सह्याद्री’ हा १९९८ चा संकरही ‘आयआर ५८०२५ ए’पासूनच झाला.

शेवटी बियाणे निघाले पाहिजे. ‘ए’ची कुक्षी तुसाबाहेर डोकावणारी, ‘आर’ उंच आणि परागाने भरलेला, आणि दोघांचा फुलोरा एकाच वेळी असावा लागतो. मुदत जुळत नसेल तर पेरणी पुढेमागे करतात आणि फुलोऱ्यात दोर ओढून पराग उडवतात.